बारीक दाण्याचा पक्ष

कुणी कुणाला 'मोठा हो' असा आशीर्वाद दिला की आमच्या सरांचं तोंड कडू व्हायचं. आमच्या कारखान्याच्या मालकांच्या, म्हणजे शेठच्या, नातवाचं बारसं होतं. पाळण्यापाशी वाकून जो तो 'खूप मोठा हो रे बाळा' म्हणत होता. सरांची पाळी आली. त्यांनी बाळाच्या मुठीत बोट दिलं आणि म्हणाले, "घाई करू नकोस. वाढला की बिघडतो."

शेठाणींचा चेहरा उतरला. मी शेजारीच होते. हळूच विचारलं, "सर, पोराबद्दल बोलताय की पावडरीबद्दल?"

"दोघांचं एकच आहे," असं म्हणून ते घुगऱ्यांच्या ताटाकडे वळले.

हे सर कॉलेजातले नव्हेत. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आमचा छोटा कारखाना होता, आणि सर तिथल्या लॅबचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे काय, तर ते आणि मी. लॅब म्हणजे माळ्याखालची एक खोली. तिच्यात वजनकाटा, एक जुना मायक्रोस्कोप, गॅसची शेगडी आणि शेगडीवर प्रेशर कुकर. त्या कुकरमुळे अख्ख्या वसाहतीत सरांना 'कुकरसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. त्यांची काही हरकत नव्हती. "हुद्द्यावरून ओळखण्यापेक्षा हत्यारावरून ओळखलेलं बरं," म्हणायचे.

मी वटारची. आमची वाडी. केळी, पानवेल, थोडा मोगरा. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. माझं पदवीचं सर्टिफिकेट बाबांनी काच लावून देव्हाऱ्याशेजारी टांगलं, आणि आलागेला त्याला हात जोडतो की काय अशी मला भीती वाटायची. पण खोटं कशाला बोलू, अभिमान मलाही होता. मुलाखतीला मी ती काच सोडून बाकी सगळं घेऊन गेले होते.

सरांनी माझी फाईल उघडलीच नाही. "घरात आणखी कोण शिकलंय?"

"कोणी नाही. मीच पहिली."

"वा! म्हणजे घरी चुकीचं शिकवणारं कोणी नाही."

मला झोंबलं. मी म्हटलं, "सर, माझ्या बाबांना पानवेल कळते. ते चुकीचं नाही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मानेपर्यंत बटणं लावलेला बुशशर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "पानवेलीला ऊन किती लागतं?"

"सावलीतलं ऊन लागतं. थेट नाही."

"उद्यापासून ये."

झाली मुलाखत. बीएस्सीत मी काय शिकले ते त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. मीच अधूनमधून सांगत असे, कारण शिकले होते ते वाया जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

सर माणसांना त्यांच्या गावाच्या नावाने हाक मारत. मी 'वटार'. भट्टी सांभाळणारे भाऊकाका कामणचे, म्हणून ते 'कामण'. "वटार, पाणी मोज. कामण, भट्टी किती चढली?" रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ तालुक्याच्या नकाशाशी बोलतोय. एकदा मी म्हटलं, "सर, मला नाव आहे." ते म्हणाले, "नावं पुष्कळांची सारखी असतात. वटार एकच आहे." वटारमध्ये आणखी माणसं राहतात हे त्यांना पटवण्यात अर्थ नव्हता.

स्वतः ते साताऱ्याकडचे, पण बरीच वर्षं मुंबईत कुठल्याशा संशोधन संस्थेत काढलेली. तिथून का सोडलं ते त्यांनी सांगितलं नाही. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा म्हणाल्या, "साहेबांना चूक दाखवली. दाखवायला हरकत नाही हो, पण ह्यांनी ती त्यांच्या निरोप समारंभात दाखवली." एवढ्यावरून मी काय ते समजले.

आता आमच्या मालाबद्दल सांगायला हवं, नाहीतर सर कळायचे नाहीत. आम्ही झिरकोनियाचे भाग करायचो. हल्ली दातांच्या कॅपमुळे हा शब्द लोकांच्या तोंडी झालाय. तेव्हा कुणी विचारलं की मी सांगायची, पांढरीशुभ्र चिनी माती समजा, पण हातोड्याला दाद न देणारी. कापडाच्या मशीनवर धागा ज्या कडीतून सरकतो ती कडी आणि पंपाच्या दांड्यावर बसते ती नळी हा आमचा मुख्य माल. पावडर दळायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची. ऐकायला सोपं.

"सोपं कसलं?" सर म्हणायचे. "हा प्राणी लबाड आहे. याच्या तीन बैठका. थंड असताना पहिली, पाय पसरून. भट्टीत तापला की दुसरी, आवळून. आणखी प्रचंड तापवला की तिसरी, ती तुझ्या कानात आहे."

माझ्या कानात अमेरिकन डायमंडच्या कुड्या होत्या. हाच पदार्थ, तिसऱ्या बैठकीतला, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून मला कुड्यांचं कौतुक वाटेनासं झालं आणि पदार्थाचं वाटू लागलं.

"आपल्याला पाहिजे दुसरी," सर पुढे सांगायचे. "पण भट्टीतून काढला की हा पुन्हा पहिल्या बैठकीवर यायला बघतो. येताना पाय पसरतो, म्हणजे फुगतो. फुगला की तडकतो, तुकडे हातात. मग करायचं काय? याला उठूच द्यायचं नाही. त्यासाठी दुसरं एक भस्म चिमूटभर घालायचं. पण नुसत्या चिमटीने भागत नाही. दाणा बारीक ठेवायचा. बारीक दाणा थंड झाला तरी आवळूनच बसून राहतो. दाणा वाढला की त्याला पाय पसरायची आठवण येते."

मी नवीन होते, पण गप्प बसणारी नव्हते. "सर, दाण्याला काय कळतं आपण लहान आहोत की मोठे? पदार्थ तोच ना?"

सरांना हा प्रश्न फार आवडला. आवडला की ते उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर जात. खुर्चीवर मी त्यांना क्वचितच पाहिलं. "तुझ्या आजोबांच्या वेळी वटारला घरं किती?"

"थोडी. इकडे दहा, तिकडे पाच, मध्ये वाड्या."

"म्हणजे जवळजवळ सगळी घरं वेशीवरच."

"हो, तसंच."

"आणि आज नालासोपाऱ्यात?"

"तिथे वेस कुठे राहिलीय, सर!"

"बस्स. लहान गावात बहुतेकांचं दार वेशीवर उघडतं. गावाचं काय करायचं ते वेशीवरचे ठरवतात. शहर वाढलं की आतल्यांची संख्या वाढते, राज्य आतल्यांचं. दाण्याचं तसंच. बारीक दाण्यात पृष्ठभागावरच्या अणूंचं मत चालतं, आणि त्यांना आवळून बसणं स्वस्त पडतं. मोठ्या दाण्यात आतल्यांचं चालतं, त्यांना पाय पसरायचेत. पदार्थ तोच, पण सत्ता कुणाची ते आकारावर."

हे मी नंतर मोठ्या पुस्तकांत वाचलं. तिथे बरोबर लिहिलेलं होतं, पण नालासोपारा नव्हता.

कुकरचं सांगायचं राहिलं. भट्टीतून माल निघाला की काही नग कुकरात जात. गरम पाण्याची वाफ ही या मालाची वैरीण. एरवी वापरात महिनोन् महिने गेल्यावर जे दिसेल, ते कुकर लवकर दाखवतो. सर शेगडीपाशी उभे राहून वाफेकडे कान लावत, मध्येच थांबवून पाणी घालत, पुन्हा लावत. एकदा एक खरेदीवाले साहेब जेवणाच्या वेळी आले आणि शिट्टी ऐकून हसत म्हणाले, "वा, आज काय बेत?"

"नळ्या," सर म्हणाले. "शिजल्या तर तुम्हाला देणार नाही. शिजल्या नाहीत तर तुमच्याच."

साहेबांना विनोद कळला नाही. सरांनी तो केलेलाही नव्हता.

आणि त्यांची चाळणी. पिशवीत छत्रीशेजारी एक पितळी बारीक चाळणी कायम असायची. एका वर्षी शेठ आम्हाला कळंबच्या किनाऱ्यावर सहलीला घेऊन गेले. सगळे पाण्यात, भाऊकाका खेकडे शोधतायत, आणि सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रेती चाळतायत. काळी रेती वेगळी काढली, तिच्यावरून लोहचुंबक फिरवलं, उरलेली तळहातावर घेऊन भिंगातून पाहत बसले. मासे वाळत घालणाऱ्या एका मावशींनी मला विचारलं, "बाय, बाबाचं काय हरवलंय?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "आपल्या मालाचा आजोबा शोधतोय. म्हणजे हा माल ज्या खनिजातून निघतो ते. केरळच्या रेतीत सापडतं. इथली काळी रेती आपल्या काळ्या दगडाची, इथे नसणारच."

"मग शोधताय कशाला?"

"नाही हे पण बघावं लागतं, वटार."

मी मावशींना सांगितलं, "काही हरवलं नाही, आजोबा शोधतायत." त्यांनी लगेच छातीवर क्रूस काढला आणि सरांसाठी शहाळं पाठवलं.

पुढे कारखाना गुजरातेत हलला, सर साताऱ्याला परतले आणि काही वर्षांनी गेले. काकूंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत डॉक्टरांशी भांडत होते. गोळी अख्खी का, कुटून का नाही?" मी फोनवर हसले आणि मग मला हसताही येईना. पण सरांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे साताराही येत नाही आणि कळंबही नाही. मला भट्टीतला तो नळ्यांचा घाणा आठवतो.

लोडशेडिंगची ती वर्षं. रंगाईच्या एका मोठ्या कारखान्याने आमच्याकडे पंपाच्या नळ्यांची पहिलीच ऑर्डर दिली होती. उकळत्या रंगाच्या पाण्याचे पंप. ही ऑर्डर नीट गेली असती तर कारखान्याला वर्षभर काम होतं, गेली नसती तर गाळा बंद करायचं शेठ उघड बोलत होते. वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी सर आणि मी घरी. भट्टी मात्र लावलेली, तिच्यावर भाऊकाका. ऐन तापात वीज गेली, आणि आली तोवर भट्टी निवून गेली.

भाऊकाकांचं घराणं वीटभट्टीवालं. वीटभट्टीत कच्ची राहिलेली वीट टाकून देत नाहीत, पुढच्या भट्टीत परत लावतात. काकांनी तेच केलं. अख्खा घाणा होता तसा ठेवून भट्टी पहिल्यापासून पुन्हा लावली, पूर्ण ताप दिला. विटेच्या बाबतीत हेच शहाणपण आहे.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. नळ्या अशा निघाल्या की बघत राहावं. गुळगुळीत, दुधासारख्या. प्रत्येक घाण्यातली एक नळी ऐरणीवर ठेवून हातोडा मारायची आमची पद्धत होती. रोज काही घावांत ती फुटायची. त्या दिवशी फुटेचना. भाऊकाकांनी मारलं, शेठनी मारलं, शेवटी शेजारच्या गाळ्यातला लोहार आला, त्यानेही मारलं.

"हात दुखला, पन नळी नाय फुटली!" भाऊकाका खुशीत ओरडले. शेठनी सगळ्यांसाठी वडापाव मागवले.

तेवढ्यात सर आले. वडापाव हातात घेतला, नळी बघितली, आणि वडापाव खाली ठेवला. "रोज फुटते ती आज का नाही फुटली?"

"सर, चांगलं झालंय," शेठ म्हणाले.

"चांगलं का झालंय, तेच विचारतोय. कामण, भट्टी कितीदा लावली?"

काकांनी सरळ सांगितलं, त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं. "लाइट गेली व्हती ना. दोनदा लावली. येकदम पक्का झाला माल."

"मोडून टाका," सर म्हणाले. "सगळा."

शेठनी कपाळावर हात मारला. "सर, तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही. माल कच्चा निघाला तर ओरडता, पक्का निघाला तरी ओरडता. आखिर चाहते क्या हो?"

सरांचा आवाज चढला नाही. चढला नाही म्हणजे ते फार चिडलेत, हे मला एव्हाना कळत होतं. "शेठ, दोनदा भाजल्यावर दाणा वाढलाय. आता तो उंबऱ्यावर उभा आहे. हाक मारली की बैठक मोडायला तयार. आज हातोड्याने हाक मारली. जिथे चीर जायला लागली तिथला दाणा फुगला आणि त्याने चीर दाबून टाकली. म्हणून नळी फुटली नाही. पण उद्या पंपात गरम पाणी त्याला हाक मारणार. तिथे दाबायला चीर नाही. तो फुगणार आणि स्वतःच चिरा पाडणार. पंपाजवळ कोणीतरी माणूस उभा असतो, शेठ. उकळत्या पाण्याच्या पंपाजवळ."

"हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"दाणा डोळ्यांनी दिसत नाही."

"मला हातोडा दिसतो. उद्या दुपारी टेम्पो येतोय. माल तपासल्याच्या सर्टिफिकेटवर सही करा."

"करणार नाही."

शेठ माझ्याकडे वळले. "तू पण बीएस्सी आहेस ना? गिऱ्हाइकाला ग्रॅज्युएटची सही पाहिजे, सरांचीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तू कर."

लॅबमध्ये लागल्यापासून सर्टिफिकेटवर सही करायची माझी इच्छा होती. ती अशी पुढे आली. मी म्हटलं, "कुकर उघडल्यावर बघू."

"कुकर, कुकर! हे हॉटेल आहे का? टेम्पो आला आणि सही झाली नाही, तर तूही घरी बस आणि तुझे सरही."

घरी बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. नोकरी गेली की घरात माझं लग्न हा एकच विषय उरणार होता, आणि काचेतलं सर्टिफिकेट काचेतच राहणार होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच चाललं होतं. सर म्हणतात 'सगळा मोडा'. सगळा का?

मी भट्टीपाशी गेले. भट्टीत माल वर-खाली अशा दोन ट्रेंत असतो, आणि दोन्हींत मालाबरोबर मातीचे बोटाएवढे शंकू ठेवतात. ठरलेली उष्णता पोचली की ते माना टाकतात. पहिल्या खेपेचे शंकू काकांनी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. मी डबा उपडा केला. एक शंकू पार वाकलेला. दुसरा जवळजवळ ताठ.

"काका, यातला वरच्या ट्रेचा कुठला?"

"ह्यो वाकलेला. वरच्याच्या बुडाला मी दोन बोटं दाबतो, खालच्याला येक. बघ ना."

मी दोन्ही शंकू घेऊन सरांकडे गेले. "सर, सगळा माल मोडायचा नाही."

"दोनदा भट्टीतून निघालेला माल मी पाठवणार नाही. विषय संपला."

"संपला नाही. वीज गेली तेव्हा वरचा ट्रे तापला होता, खालचा तापायचा होता. हा बघा त्याचा शंकू. खालचा ट्रे दोनदा भट्टीत होता, पण दोनदा भाजला नाही. त्याची दुसरी खेप हीच पहिली."

"शंकू म्हणजे दाणा नव्हे."

"नव्हेच. म्हणून म्हणते, दोन्ही ट्रे वेगवेगळे तपासू. वरचा माल वाईट आहे हे तुम्ही हातोड्यावरून ओळखलंत. हातोडा मारलेली नळी कुठल्या ट्रेची होती?"

भाऊकाका मागून म्हणाले, "वरच्याच."

सरांनी दोन्ही शंकू उजेडाकडे धरून फिरवून पाहिले. मला वाटलं, आता ओरडतील. मग म्हणाले, "कुकर लहान आहे. त्यात मावतील तेवढ्या नळ्यांवरून दोन ट्रेंचा निकाल मी देणार नाही. दुसरा कुकर आण."

संध्याकाळी मी घरी जाऊन ओट्यावरून कुकर उचलला. आई आमच्या घरच्या बोलीत जे बोलली त्याचा साध्या मराठीत अर्थ असा, "भात काय तुझ्या डोक्यावर शिजवू?"

"टोपात शिजव. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि यात काय शिजवणार तुम्ही?"

"नळ्या. सिरॅमिकच्या."

"म्हणजे माती."

"माती नाही, आई."

"मातीच ती. शिकलीस म्हणून मातीला दुसरं नाव."

बाबा ओटीवर केळीच्या खोडाचे सोप सोलून बांधायला दोऱ्या काढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सही केलीस तर?"

"नोकरी राहील."

"आणि नळी फुटली तर?"

"पंपाजवळचा माणूस भाजेल."

"मग विचारतेस काय?"

"विचारत नाहीये, बाबा. कुकर नेतेय ते सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कुकर लागले. सरांच्या कुकरात वरच्या ट्रेच्या काही नळ्या, आईच्या कुकरात खालच्या ट्रेच्या. दुपारी टेम्पो येऊन फाटकापाशी उभा राहिला. शेठ लॅबमध्ये आले, मागोमाग शेजारचा लोहार. "उघडा."

उघडले. दोन्हीकडच्या नळ्या चकचकीत. काही फरक नाही. लोहार हसला. भाऊकाकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मग माझ्याकडे बघून मान खाली घातली. शेठनी पेन पुढे केलं.

सरांनी दोन्ही कुकरांत पाणी घातलं, झाकणं लावली, शेगडी पेटवली.

मी पेन घेतलं नाही. "शेठ, अजून झालं नाही."

"कधी होणार? तुम्हाला पाहिजे तसं होईपर्यंत?"

"आम्हाला पाहिजे ते खरं नसेल तर तेही यातच दिसेल. उद्या सकाळपर्यंत थांबा. नळ्या अशाच राहिल्या तर मी सगळ्या मालावर सही करते, आणि नंतर नोकरीही सोडते. तुम्हाला काढायला नको."

मला वाटतं, शेठना माझं म्हणणं पटलं नव्हतं. पण वाडीतली पोरगी नोकरी सोडायची भाषा करते, याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं. त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि गिऱ्हाइकाला फोन करून खोटंच सांगितलं की टेम्पो पंक्चर झालाय.

रात्रपाळीला कुकर भाऊकाकांनी सांभाळले. सर थांबतो म्हणत होते, काकांनी त्यांना घरी पाठवलं. "माज्या हातची भट्टी हाय. पानी मीच घालतो."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा काका लॅबच्या दारातच उभे होते. त्यांनी झाकणं उघडली नव्हती. सरांनी आधी आपला कुकर उघडला. वरच्या ट्रेच्या नळ्यांची चकाकी गेली होती. खडूसारख्या दिसत होत्या, अंगावर बारीक रेषांचं जाळं, वाळलेल्या चिखलावर पडतं तसं. शेठनी बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. सरांनी हातोडा उचलला, मारला असंही म्हणता येणार नाही, नुसता टेकवला. नळीचे दोन तुकडे.

मग मी आईचा कुकर उघडला. नळ्या काल होत्या तशाच. मी एक ऐरणीवर ठेवली आणि हातोडा स्वतः घेतला. एक घाव, दुसरा, आणखी काही. मग फुटली.

"फुटली!" सर ओरडले. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नंतर कधी पाहिला नाही. "रोजच्यासारखी फुटली! शेठ, फुटली!"

त्यांनी आईच्या कुकरातली एकेक नळी काढून ऐरणीवर घेतली. सगळ्या रोजच्यासारख्याच फुटल्या.

शेठ बोटावरचा पांढरा रंग बघत होते. "ही वरची... पंपात अशी झाली असती?"

"लगेच नाही," सर म्हणाले. "काही महिन्यांनी. आपण इथे निवांत चहा पीत असताना."

शेठ खुर्चीवर बसले. भाऊकाका भिंतीला टेकून उभे होते, म्हणाले, "वीट न्हाई ही. मला वाटलं वीट हाय." सर त्यांच्याजवळ गेले. "कामण, वीट असती तर तुझंच बरोबर होतं," एवढंच म्हणाले आणि वरचा ट्रे उचलून मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने तिकडून हातोड्याचे आवाज यायला लागले. न शिजवलेल्या नळ्या लवकर फुटत नव्हत्या, पण सर सोडत नव्हते.

मी सर्टिफिकेटचा कागद घेतला. वरच्या ट्रेच्या नळ्या रद्द, खालच्या ट्रेच्या तपासून पास, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. टेम्पो अर्धा रिकामा जाणार होता. गिऱ्हाईक ओरडणार होतं, आणि उरलेल्या मालासाठी भट्टी पुन्हा लावावी लागणार होती. मी खाली पूर्ण नाव लिहिलं, मध्ये बाबांचं नावही घातलं, आणि सही केली. सहीखाली हुद्द्याची रिकामी ओळ होती. पगार मला लॅब असिस्टंटचा मिळायचा. मी लिहिलं, 'केमिस्ट'.

शेठनी कागद वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "केमिस्ट? हे कधीपासून?"

अंगणातला हातोडा थांबला.

"परवापासून," सरांचा आवाज आला, आणि हातोडा पुन्हा सुरू झाला.